कायमचा पत्ता

— अरे बस रे आलोक, लगेच कुठं निघालास? अमेरिकेहून माझ्या बायकोचं पार्सल वाहून आणलंस आणि चहाही न घेता पळतोस? शुक्रवारच्या सुट्टीला आखातातल्या या महबूल्यात कुणाला कसली घाई? घे, आलं घातलंय. पण आधी एक सांग, खरं खरं सांग — हा डबा तू उघडून बघितला होतास ना? नाही? लीनानं दिला तसाच बॅगेत कोंबलास? धन्य आहे बाबा तुझी! अरे, तिच्याकडं गांजाची औषधं असतात आता! — हो, गांजा. दचकू नकोस, तिकडं डॉक्टरच देतात. पण इथं कस्टमवाल्यांना एक गोळी जरी सापडली असती ना, तर नोकरी राहिली बाजूला, तू आत गेला असतास! परवा फोनवर कंबर धरलीय म्हणालो, तर म्हणते कशी, "पाठवू का दोन गोळ्या?" थट्टाच असणार. पण तिचा काही नेम नाही.

केमोनंतर तिचे तळपाय नुसते जळायचे रे. चादर लागली तरी ओरडायची. मी आपला शेजारी बसून पेपर वाचायचो — वाचतोय कसला, तोंडासमोर धरून बसायचो. शेवटी आमची लेक जुईली आली आणि आईला अमेरिकेला घेऊन गेली. तिथं त्या औषधासाठी कार्ड काढावं लागतं. कुणालाही देत नाहीत हं! डॉक्टरनं लिहून द्यायचं की आजार यादीतला आहे, मग अर्ज, फोटो, आणि माणूस त्याच राज्यात राहतो याचा पुरावा. आणि अर्ज भरला कोणी? मी! याच टेबलावर, व्हिडिओ कॉल लावून. तीस वर्षं इथल्या निम्म्या मराठी घरांचे फॉर्म मीच भरतोय, दुसरं कोण भरणार? तर 'कायमचा पत्ता' आला आणि मी टाकला नाशिकचा. सवयीनं! आपण इथं बसून तेच लिहितो ना नेहमी? जुईली म्हणाली, "बाबा, नो! दे विल रिजेक्ट इट." मग पुसला आणि तिच्या घराचा टाकला. लीनानं तो नवा पत्ता मोठ्यानं वाचून बघितला. मीच म्हणालो, "फॉर्मपुरतं आहे गं."

कार्ड आलं. मागच्या महिन्यात सलग सहा तास झोपली म्हणे. फोनवर हसली रे, दोन वर्षांनी! मला आनंद झाला — व्हायलाच पाहिजे, नाही का? पण सहा महिने बाहेर राहिलं की इथला इकामा, राहायचा परवानाच, जातो, आणि तिचे सहा महिने येत्या अठराला भरतात. मी तिकीटच काढून पाठवलं. म्हटलं, आठ दिवस येऊन जा, औषधाशिवाय आठ दिवस काढशील ना? — हो, म्हणालो असं. जिला चादर सोसत नव्हती, तिला म्हणालो. "बघते," म्हणाली. आता लीना 'बघते' म्हणाली म्हणजे येणारच, माझा एकतीस वर्षांचा अनुभव आहे. तिची उशी उन्हात टाकलीय मी, ती बघ गॅलरीत. — मी का जात नाही? नोकरी आहे ना बाबा. आणि तिथं जाऊन करू काय? कुणाचे फॉर्म भरू? इथं निदान लोक येतात. येतात म्हणजे — यायचे. फार एकटं वाटतं रे, आलोक. बोलायला कुणी नसतं.

थांब, उघडतोच आता. हं — मेथीचे लाडू! वास बघ. गोळ्याबिळ्या काही नाहीत, सुटलास तू. आणि खाली हे काय? पिशवीत गुंडाळलंय… बताका. तिची इथली बताका, सिव्हिल आयडी. चिठ्ठी नाही, काही नाही. अरे, पण ही तर तिला विमानतळावर उतरल्यावर लागेल. ही जर इकडं पाठवली, तर अठराला ती —

चहा झाला ना तुझा? मग नीघ आता. नाही रे, कुठं काय? लाडू घेऊन जा सगळे, मला चालत नाहीत. कप राहू दे तिथंच. दार ओढून घे.