उंबराईचं रूप आणि आरशाचा कॅमेरा

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. एखादा माणूस हत्यार निवडण्यात एवढा रमला, एवढा रमला, की ते कोणत्या कामाला हवं होतं तेच विसरला — तर त्याला काय म्हणायचं? अभ्यासू म्हणायचं? चोखंदळ म्हणायचं? की... नको, तो शब्द देवळात नको! शेवटी तुम्हीच ठरवा.

पुढच्या ओळीतले काका, तुम्ही मघापासून मोबाइल उभा धरून माझं चित्रण करताय. हात भरून येईल हो! घरी जाऊन निवांत बघणार? बरं, चालू द्या. मारुतीराया तुमच्या पाठीशी आहे. म्हणजे खरोखरच पाठीशी — तुम्ही सगळे त्याच्याकडे पाठ करून बसलाय!

तर आख्यान ऐका. डोंगराच्या पायथ्याशी करंजवाडी, आणि वर उंबराई देवी. देवीला शेंदूर चढतो. एक लेप वाळला की वर दुसरा, त्यावर तिसरा, पिढ्यान्‌पिढ्या! आपण दर्शन घेतो ते कुणाचं? शेंदराचं! दोन चांदीचे डोळे, एक नथ, बाकी सगळा गोळा. आतलं दगडातलं मूळ रूप कसं आहे, कुणाला ठाऊक? पण कधीतरी, माणसाच्या आयुष्यात फार तर एकदा-दोनदा, ही शेंदराची खोळ आपोआप सुटते. त्या दिवशी मूळ रूप उघडं! देवीला न्हाऊ घालायचं, गावाने दर्शन घ्यायचं, आणि सूर्य माथ्यावर आला की गुरवाने पुन्हा शेंदूर चढवायचा. झालं! पुढची खोळ सुटेपर्यंत बंद!

मागची खोळ सुटली तेव्हा करंजवाडीची चंद्राक्का ऐन तरुण. सारा गाव डोंगर चढला, आणि चंद्राक्का मात्र घरात! का? नुकती बाळंत झालेली! सोयर! सोयरात देवळाचा उंबरा ओलांडायचा नाही. सोयर फिटेपर्यंत देवीच्या अंगावरचा नवा शेंदूर वाळूनसुद्धा गेला. आणि ते बाळ कोण? आमचे कथानायक — दिगंबर शेटे सर! तालुक्याच्या हायस्कुलात गणित शिकवतात. आई आता त्यांच्याकडेच असते.

यंदा दसऱ्याला बातमी आली: खोळीला तडा गेलाय, दोन-चार महिन्यांत सुटणार! चंद्राक्काचे गुडघे गेलेले. पण म्हातारी एकदम ताठ बसली. म्हणाली, "दिगू, एकदा आईचं तोंड बघायचंय रं. मग डोळं मिटलं तरी चालंल."

शेटे सरांच्या पत्नी सुलभाबाई म्हणाल्या, "डोली करूया ना. वाडीतली चार पोरं सहज नेतील आत्यांना."

मंडळी, सोपं होतं की नाही? चार पोरं, दोन बांबू, एक खुर्ची! पण सर हसले. "डोली कशाला? आई, मी तुला फोटो आणतो. असा फोटो, की तू पुढे होऊनही दिसलं नसतं ते दिसेल. मोठा करून बघता येतो!"

म्हातारीला शंका आली. "फोटू काढू देत्यात व्हय रं?"

"आजकाल सगळं काढू देतात, आई."

हे वाक्य लक्षात ठेवा हं! "आजकाल सगळं काढू देतात." कुणाला विचारून म्हणाले? कुणालाच नाही!

आता फोटो काढायचा तर कॅमेरा हवा. शिकाऊ माणसाचा, पहिल्या पायरीचा. आणि तिथे सरांच्या पत्रिकेतला राहू आडवा आला! कारण बाजारात कॅमेरे दोन जातीचे. एक डीएसएलआर, एक मिररलेस. आजी, घाबरू नका, सोपं आहे! डीएसएलआरच्या पोटात एक आरसा असतो. समोरचा उजेड त्या आरशावर पडून तुमच्या डोळ्यात येतो. बटण दाबलं की आरसा टुणकन वर उडतो — खटॅक! — आणि फोटो निघतो. मिररलेसच्या पोटात आरसाच नाही. तुम्ही बघता तो आतला इवलासा टीव्ही. फोटो कसा येणार ते आधीच दिसतं, वजन कमी, आवाज नाही. फक्त तो टीव्ही सारखा वीज खातो. बस्स! एवढंच! डोळा कुठलाही असो, समोरची उंबराई तीच ना?

पण सर गणिताचे! केळी घेताना दोन डझनांची तुलना करणारा माणूस, कॅमेरा असा कसा घेईल? सुरू झालं! सकाळी चहाबरोबर डीएसएलआर, रात्री भाकरीबरोबर मिररलेस. एक व्हिडिओ म्हणायचा, "आरशाचं युग संपलं." सर मान डोलवायचे. दुसरा म्हणायचा, "नवशिक्याने आरसाच घ्यावा, बॅटरी दिवसभर टिकते, जुन्या लेन्स सहज मिळतात." सर पुन्हा मान डोलवायचे. अहो, नंदीबैल तरी विचारल्यावर मान हलवतो! पेटीवाले, साकीची चाल द्या जरा —

आरसा आत की आरशावाचून, कोणतें बरवें यंत्र?
शेटे सरांच्या ओठी बसला एवढाच एक मंत्र!

त्यात भर म्हणून सरांचे साडू, शशांक बोराटे. पिंपरीला कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. ते म्हणाले, "दादा, मिररलेसच! मी घेतलासुद्धा! कसला हलका आहे! माणसाचा डोळा आपोआप शोधतो!"

सर म्हणाले, "दगडाचा डोळा शोधतो का?"

झालं! साडू-साडूंची जुंपली! दिवाळीच्या फराळाला जुंपली, मेहुणीच्या डोहाळजेवणात जुंपली. बायकांनी ओटी भरायची, आणि हे दोघे कोपऱ्यात — "तुझ्या कॅमेऱ्यात धूळ बसते!" "तुमचा विटेएवढा आहे!" मंडळी, दोघांपैकी उंबराईबद्दल एक शब्द कुणी काढला? आत पलंगावर बसलेली चंद्राक्का मात्र रोज विचारायची, "सुटली का गं खोळ?"

आणि एका पहाटे सुटली!

वाडीहून फोन आला, आणि सरांकडे कॅमेराच नाही! अजून ठरत होतं ना! सर धावत दुकानदाराच्या घरी गेले, त्याला बनियनवर दुकान उघडायला लावलं, आणि हाताला लागला तो घेतला — डीएसएलआर! इतके दिवस तोलून शेवटी काय, तर हाताला लागला तो! निघताना आईने हात धरला. "दिगू, नीट काढ बरं का."

पायथ्याशी साडूभाऊ हजर, गळ्यात मिररलेस. सुलभाबाईंच्या हातात ओटीचं ताट. रांग डोंगराला विळखा घालून उभी. रांगेत साडूभाऊ स्वस्थ बसतील? माकडं काढली, ढग काढले, ताटातला नारळ काढला. प्रत्येक फोटो सरांच्या नाकासमोर धरायचे — "बघा, दादा! आधीच दिसतं!"

हळूहळू देवळाच्या दाराशी आले. दारात गुरव उभा. म्हणाला, "फोटू न्हाई. यंत्रं पिशवीत घाला."

"म्हणजे?" सर उडालेच.

"मूळ रूपाचा फोटू कधीच न्हाई, सर. आई न्हाऊन उघडी बसलीया. सोताच्या आईचा न्हाताना फोटू काढशीला का?"

हा नियम काल निघाला होता का हो? छे! वाडीतल्या कुणालाही ठाऊक. सरांनी अमेरिकेतल्या माणसाला विचारलं, जपानमधल्या माणसाला विचारलं, पिंपरीच्या साडूला विचारलं — फक्त गुरवाला विचारायचं राहिलं!

सर काकुळतीला आले. "अहो, माझी आई घरी वाट बघतेय. तिला चढवत नाही."

गुरव एकदम मऊ झाला. "चंद्राक्का व्हय? मग आपली रीत हाय की! म्हातारी माणसं, बाळंतिणी, ज्यास्नी येता येत न्हाई, त्यास्नी घरी जाऊन सांगायचं. हवं तेवढं थांबा म्होरं. डोळं भरून बघा, आन् जाऊन सांगा. सांगितल्यालं दर्शन पोचतंय."

काय दिलं बघा गुरवाने! रांगेतला माणूस ढकलला जातो, आणि सरांना म्हणाला, हवं तेवढं थांबा! पण साडूभाऊ कानाशी लागले — "दादा, माझ्याचा आवाजच होत नाही. उपरण्याखाली धरू! आता तरी पटलं ना, मिररलेस भारी?"

आणि सरांना पटलं! इतके दिवस न पटलेलं, चोरी करायची म्हटल्यावर पटलं!

गाभाऱ्यात गेले. समोर, हातभर अंतरावर, उंबराई! न्हालेली! समयांच्या उजेडात! आणि हे दोघे गृहस्थ उपरण्यात डोकं घालून बसलेले! दुरून बघणाऱ्याला वाटावं, केवढी भक्ती! आत काय चाललंय? पडद्यावर लाल बॅटरी लुकलुकली... आणि टीव्ही बंद! माकडांनी खाल्ली हो बॅटरी, माकडांनी! "दुसरी आहे ना?" "आहे, दादा." "कुठे?" "गाडीत!"

मग सरांनी काय केलं? पिशवीत हात घातला, ओटीच्या खणाखालून आपला डीएसएलआर काढला, डोळ्याला लावला. आता आरशातून तरी देवी दिसली असेल, नाही? दिसली असती! पण सर देवीकडे बघत होते का? सर बघत होते फोकसचे ठिपके! उजेड कमी, लेन्स पुढे-मागे, पुढे-मागे. शेवटी एक ठिपका पेटला, सरांनी बटण दाबलं — खटॅक!! दगडी गाभारा तो! फटाका उडाल्यासारखा घुमला! आणि फोटो निघतो त्या क्षणी आरसा वर उडतो ना, मग बघणाऱ्याला काय दिसतं? अंधार!

अंधार सरला, तेव्हा समोर गुरवाचा हात. "सर! तुमी? मास्तर माणूस?" आणि दार दाखवलं. बाहेर येतायेता घंटा झाली. सूर्य माथ्यावर. आत शेंदूर चढायला लागला.

घरी आले. चंद्राक्का डोक्यावर पदर घेऊन, हातपाय धुऊन तयार बसलेली. दर्शन घ्यायचं होतं ना! "आण रं, बघू."

सरांनी कॅमेऱ्याचा पडदा पुढे केला. म्हातारीने डोळे बारीक केले. "ह्यो कुणाचा हात?"

गुरवाचा तळहात हो! तो ठिपका पेटला होता तो ह्याच हातावर! फोटो मात्र अप्रतिम! रेष न् रेष मोजून घ्या! मोठा करूनही बघता येतो!

सरांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. म्हातारी रागावली का? नाही. म्हणाली, "जाऊ दे फोटू. तू म्होरं हुतास नव्हं? मग सांग. डोळं कसं हायती आईचं?"

सरांनी तोंड उघडलं. आठवायला लागले. लाल बॅटरी आठवली. उपरण्याचा काठ आठवला. पेटलेला ठिपका आठवला. देवी? छे! एवढा मोठा माणूस, वर्गातल्या पोरांना उभं करणारा, आईपुढे तसाच उभा!

चंद्राक्काने पदर सावरला. मग हळूच म्हणाली, "तवा मी सोयरात हुते, दिगू. तू कुशीत हुतास. म्हणून उंबरा वलांडला न्हाई, त्याचं मला वाईट वाटलं न्हाई कधी. पर तू आज आत गेलास. तुला कसलं सोयर हुतं रं?"

मंडळी... पेटी थांबवा जरा. आईने असं विचारल्यावर काय उत्तर द्यायचं?

"बाजूला हो, दिगू. उजेड अडतोय," म्हातारी म्हणाली. "सुलभा, तू ये गं. तुझं हात मोकळं हुतं का?"

"ताट होतं, आत्या."

"ताटानं डोळं झाकत न्हाईत. सांग."

सुलभाबाई पायाशी बसल्या. "आत्या, चांदीचे डोळे बसवतात ना, तिथे दगडातच कोरलेले डोळे आहेत. बारीक, अर्धे झाकलेले. नुकतीच झोपेतून उठल्यासारखी दिसते. उजवा गाल झिजलाय, शेंदूर चोळून चोळून झिजला असेल. आणि ती हसत नाही, आत्या. काहीतरी बोलायला आली आणि आपल्याला बघून थांबली, असं वाटतं."

चंद्राक्काने डोळे मिटले, हात जोडले. गालावरून पाणी आलं. "पोचलं गं," म्हणाली. आणि सर? गळ्यात कॅमेरा अडकवून दारात उभे होते. हातभर अंतरावर जी दिसली नाही, ती त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून, बायकोच्या तोंडून ऐकली. तेवढंच त्यांचं दर्शन!

दुसऱ्या दिवशी साडूंचा फोन. "दादा, चूक मिररलेसची नव्हती हं, बॅटरीची होती! आता नवीन मॉडेल येतंय..." सरांनी ऐकलं, आणि वाद न घालता फोन ठेवून दिला. सुधारणा म्हणा हवं तर.

हसलात? खूप हसलात! आता माझी पाळी. काका, मोबाइल चालूच आहे ना? असू द्या. मंडळी, तुम्ही सगळे मघाशी मारुतीरायाचं दर्शन घेऊन आत बसलात. हात जोडलेत, घंटा वाजवलीत, दोघा-तिघांनी फोटोही काढलेत — मी बघत होतो! मग सांगा, आज त्याच्या गळ्यात कसली माळ आहे? रुईच्या पानांची, की फुलांची? अं-हं! मान वळवायची नाही! काका, मोबाइलमध्ये शोधायचं नाही! घरी कुणी म्हातारं माणूस वाट बघत बसलंय, गुडघे धरून. ते विचारणार आहे — आज देव कसा दिसत होता रे? काय सांगणार?

चला! आता मोबाइल मांडीखाली, हात मोकळे. सावकाश मागे वळा. जयजयकार नंतर करू. आधी बघा.