निळ्यात राहिलेला पांढरा ठिपका

डुलूथच्या हार्डवेअर दुकानात मार्लिस रांगेत उभी होती. पुढे म्हातारा मिल्टन दिवंगत मित्र एल्रॉयच्या बायकोला, आर्डिसला, छेडत होता.

“एल्रॉयने लेथवर पांढऱ्या लाकडातून कातलेला शेवटचा वाडगा रंगवलास? तो तर रंगवणाऱ्यांना हसायचा!”

“म्हणायचा, मी गेल्यावर फास तुझा निळा. फासला.”

“मग तोंड का उतरलंय?”

“बुडाशी एक ठिपका पांढराच राहिला. तीनदा हात दिला.”

“त्याचा गोंद लागला असेल. गोंदावर रंग धरत नाही. पॉलिश पेपरने घास, जाईल.”

“घासायलाच बसले होते. चष्मा लावून बघितलं, तर त्याचा अंगठा आहे रे. रेषान् रेषा.”

“अगं... मग?”

“मग काय, वॉर्निश न्यायला आले.”

“तिथे हलक्या हाताने लाव हं.”