राहून गेलेली एक थोबाडीत

— असू द्यात, चपला आतच काढा, परवाच वरच्या मजल्यावरचा एक नवा जोड गेला. बसा ना. हे दूध आणायला गेलेत, येतीलच एवढ्यात. तुम्ही त्याच कामासाठी आलात ना — यांनी कधीकाळी मारलं होतं, त्यासाठी? कळतं हो चेहऱ्यावरून. सवय झालीय आता. दोन तऱ्हेची माणसं येतात. एक येतात ती बाह्या सरसावून येतात, त्यांचं लवकर आटपतं. दुसरी तुमच्यासारखी — खुर्चीच्या टोकावर बसून पंख्याकडे बघत राहणारी. त्यांना वेळ लागतो. तुम्हाला केव्हा मारलं यांनी, आणीबाणीच्या आधी का नंतर? नंतर. बरं. नंतरची माणसं जास्त आहेत, आणीबाणी उठल्यावर यांना जरा मोकळं वाटायला लागलं होतं. मी विजयमाला, हिंदुरावांची बायको. तुम्ही मला ओळखायचा प्रश्नच नाही, मी तेव्हा घरातच असायचे.

तुम्हाला काय काय कानावर आलंय कोण जाणे, या पेठेत माणूस साधा शिंकला तरी कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्याला न्यूमोनिया झालेला असतो. म्हणून मीच सांगते. आमचे हे तालमीतले. कुस्तीत काही फार दिवे लावले नाहीत, हे आपलं तुमच्या-माझ्यात — पहिल्याच फेरीत आडवे व्हायचे आणि घरी येऊन पंचांना नावं ठेवायचे — पण पंजा मोठा. एवढ्या पंज्यावर यांनी नारायण पेठेत दहा-बारा वर्षं दरारा ठेवला. कुणी सायकल आडवी लावली, दिली एक. मंडळाच्या वर्गणीला का-कू केलं, दिली एक. रॉकेलच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं, दिली एक — ती तर लोकांना आवडलीसुद्धा, दोघातिघांनी येऊन आभार मानले. कधीकधी आधी थोबाडीत द्यायचे आणि कारण नंतर सापडायचं. आणि खोटं कशाला बोलू, मला अभिमान होता. जुन्नरहून नवीन लग्न होऊन आलेली मी, नळावर गेले की बायका आपण होऊन बाजूला व्हायच्या. हिंदुरावांची मंडळी, पाणी भरू द्या. आमच्या गावाकडे पाटलिणीलाही असं पाणी मिळत नव्हतं.

मग बदलले कसे? नातीमुळे. लेकीची मुलगी, दुसरीत होती तेव्हा. तिने वर्गातल्या एकीला थोबाडीत मारली, खोडरबरावरून. बाईंनी विचारलं, का गं मारलंस, तर म्हणते कशी — माझ्या आजोबांनी सगळ्या पेठेला मारलंय, त्यांना कुणी विचारत नाही. बाईंनी आजोबांना बोलावून घेतलं. हे गेले मिशीला पीळ देत, नात आपल्या वळणावर गेली म्हणून मनात गुदगुल्या. बाई चाळिशीच्या असतील. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, मी गुळवण्यांची मुलगी. तुम्ही माझ्या बाबांना दुधाच्या दुकानासमोर मारलंत तेव्हा मी त्यांचं बोट धरून उभी होते. त्यानंतर बाबा त्या गल्लीतून कधी गेले नाहीत. ऑफिसला जाताना लांबून वळसा घालून जायचे, अगदी रिटायर होईपर्यंत. आम्ही विचारलं तर म्हणायचे, तिकडून सावली असते. बस्, एवढंच बोलल्या, आणि मुलीला जरा समजावून सांगा म्हणाल्या. हे घरी आले ते जेवले नाहीत. आता आमच्याकडे हे जेवले नाहीत म्हणजे मी डॉक्टरांनाच बोलवायला निघाले होते. तर म्हणाले, विजा, त्या गल्लीत सावली नसते गं. मी म्हटलं, कुठल्या? तर भिंतीकडे तोंड करून निजले.

दुसऱ्या दिवशी उठले ते गुळवण्यांच्या घरी गेले. गुळवण्यांनी दार उघडलं, यांना बघितलं आणि दार लावलं. आपटलं नाही हो, हळूच लावलं. यांना ते फार लागलं. आपटलं असतं तर चाललं असतं, म्हणाले. मग सुरुवात झाली. जो आठवेल त्याच्या घरी. हात जोडायचे, माझं चुकलं म्हणायचं, आणि गाल पुढे करायचा — ते गालाचं यांनी आपल्या मनाने घातलं, मी नको म्हणत होते, वय काय आपलं. बहुतेक लोक बिचारे चहा पाजून पाठवायचे. पण सोजरबाई भाजीवाली — तिच्या नवऱ्याला मारलं होतं यांनी. ती म्हणाली, धनी तर गेले, त्यांची मीच देते, आणि भर मंडईत अशी ठेवून दिली की यांचा कवळीचा दात हलला. वर पिशवीत कोथिंबिरीची जुडी टाकली. तेव्हापासून भाजी तिच्याकडचीच आणतात. आणि एक वकीलसाहेब, त्यांना काही आठवेचना. म्हणे, मला मारायची कुणाची छाती झाली नाही, तुम्ही दुसऱ्या कुणाला मारलं असेल. यांनी पटवायचा खूप प्रयत्न केला, जागा सांगितली, त्यांच्या शर्टाचा रंग सांगितला. वकील चिडले, बाहेर काढलं यांना. दोन दिवसांनी वकिलांचा फोन. आठवलं म्हणे. या.

हसताय ना, हसा. पण पुढे हसण्यासारखं राहिलं नाही. यांना ती माफी मागायची चटकच लागली. ज्यांनी माफ केलं त्यांच्याकडे पुन्हा जायला लागले. लग्नाकार्याला यायचे नाहीत, गोड खायचे नाहीत, मी कसला माणूस, मी कसला माणूस, एवढंच. रोज सकाळी दादामियाँच्या घड्याळांच्या दुकानात जाऊन बसायचे — दादामियाँना पण मारलं होतं, घड्याळ मागे पडतं म्हणून. शेवटी दादामियाँच म्हणाले, हिंदुराव, तुम्ही मला मारलं ते एका क्षणात संपलं, ही माफी मात्र दिवाळीपासून चाललीय. गिऱ्हाईक आत शिरत नाही, त्यांना वाटतं इथे कुणीतरी वारलंय. चूक केलीत, कबूल केलीत, पुन्हा कुणावर हात टाकला नाहीत. आता त्या हिंदुरावाला सोडा की, त्याला किती दिवस कोपऱ्यात उभं करणार? आणि सोडायचंच नसेल तर घरी बसून मारा त्याला, माझ्या दुकानात नको. हे ऐकून घरी आले, बराच वेळ गॅलरीत उभे राहिले. मग म्हणाले, गुळवण्यांना दार लावायचा हक्क आहे. त्यांनी ते उघडावं म्हणून मी दारात बसून राहायचं, ही पण दादागिरीच झाली. आणि त्या संध्याकाळी श्रीखंड खाल्लं. आता बरे आहेत. आंघोळीला गाणं असतं, झोप अशी की घोरण्याने भांडी हलतात.

पण मी म्हणते, तुमच्याकडे कसे आले नाहीत हे? सगळ्यांना शोधून काढलं यांनी, कात्रजला राहायला गेलेले होते त्यांनासुद्धा. दादामियाँनी सांगितलं तुम्हाला? सगळ्यांची झाली आणि आपली राहिली, म्हणून आपणच आलात. बरोबर आहे तुमचं, मलाही राग आला असता. कुठे राहायचात तुम्ही तेव्हा? समोर. समोर म्हणजे — या समोर? कोपऱ्यावरची खोली, आता क्लास आहे तिथे. कॉलेजला होता. चष्मा होता. मच्छिंद्र. वाघोलीचे.

चहा टाकते हं मी. बसा.

— दूध नाही. दूधच तर आणायला गेलेत ना हे, माझं आपलं भलतंच काहीतरी. ऊन फार आहे नाही यंदा? पंखा वाढवू? आणि मग वाघोलीलाच असता का? शेती. होती, बरोबर. आता कुठली शेती, तिकडे सगळ्या इमारतीच झाल्या. काय सांगता, तुमच्या जमिनीवर कॉलेज उभं राहिलं? छान झालं की. नाही — म्हणजे — तुमचं स्वतःचं कॉलेज कुठपर्यंत झालं? नाही झालं. त्याच वर्षी सोडलंत. परीक्षा तोंडावर आलेली, आणि चष्मा फुटला, आणि सगळ्या गल्लीने बघितलं, म्हणून वडील येऊन घेऊन गेले. असं काय केलंस रे तू, म्हणून त्यांनी विचारलं. आणि तुम्हाला सांगता येईना, कारण तुम्हालाच माहीत नव्हतं. अजून माहीत नाही?

मी सांगते, तुमच्याकडे हे का आले नाहीत ते. रागावू नका. हे म्हणतात, माझ्या हातून सगळ्या चुकीच्या गेल्या, एक मात्र बरोबर गेली. ती बायकोच्या अब्रूसाठी दिली होती. त्या समोरच्या चष्मेवाल्या पोराला. श्रीखंड खाल्लं ना, त्याच संध्याकाळी म्हणाले. एक तरी बरोबर गेली विजा, तेवढाच आधार आहे मला. मी वाटी पुसत होते. पुसतच राहिले.

तुम्ही बघत नव्हता. मला माहीत आहे तुम्ही बघत नव्हता, मान वर कराल तर शपथ. मी गॅलरीत उभी राहून केस विंचरायचे, साड्या वाळत घालायचे, ओल्या साड्या झटकायचे, आवाज व्हावा म्हणून — तुमची नजर पुस्तकात. एवढं काय होतं हो त्या पुस्तकात? खरं सांगायचं तर तोच राग आला होता थोडा. पण ते मुख्य नाही. मुख्य म्हणजे हे सगळ्यांसाठी भांडायचे. मंडळासाठी, मित्राच्या स्कूटरसाठी, रॉकेलच्या रांगेसाठी. माझ्यासाठी एक नाही. शेजारची मथुराबाई सांगायची, माझ्याकडे एकाने नुसतं बघितलं तर आमच्या यांनी त्याला बदडलं. मला कुणी बघतच नव्हतं, तर हे बदडणार कुणाला? म्हणून एकदा मी म्हटलं, तो समोरचा मुलगा सारखा इकडे बघत असतो. मला वाटलं गॅलरीतून ओरडतील दोन शब्द. हे अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून जिना उतरले. थोबाडीतीचा आवाज मला इथे ऐकू आला. चष्मा खाली पडला तो मी बघितला. आणि संध्याकाळी यांनी मंडईतून गजरा आणला, मोगऱ्याचा, आणि मी तो माळला. मला थोबाडीतीचं एवढं नाही वाटत, ती तर यांनी मारली. मी गजरा माळला आणि मथुराबाईला दाखवून आले, ते मला वाटतं. हे सगळ्या गावाची माफी मागत फिरत होते तेव्हा मी काय करत होते — घरात बसून मोजत होते, ही झाली, ती झाली, अजून समोरची निघाली नाही. आता हे घोरतात आणि मी जागी.

आले. जिन्यात खोकतात ते हेच. नाही, उठू नका तुम्ही, तुम्ही उठलात तर माझ्याच्याने व्हायचं नाही. — अहो, पिशवी खाली ठेवा आधी. हे मच्छिंद्रराव. समोरच्या खोलीतले. हो, तेच, चष्म्याचे. छाती काढू नका अशी, ऐकून घ्या. हे कधी बघत नव्हते. मी खोटं सांगितलं होतं. नाही, चुकून नाही, मुद्दाम. तुम्ही माझ्यासाठी काहीतरी करावं म्हणून. यांचं कॉलेज गेलं त्यात. झालं, एवढंच आहे. तुमच्या आधाराचं मला वाईट वाटतं, पण तो खोटा होता.

असं दाराला धरून उभं राहू नका.

काय म्हणालात? हात माझा होता? हात तुमचा होता हो, पण सांगितलं मी ना? विचारायला हवं होतं म्हणे. तुम्ही कधी कुणाला विचारलंत, ते यांना विचारणार होता? आणि गाल कसला पुढे करताय, मागे घ्या तो. ही माफी तुमची नाही. सगळ्या पेठेच्या मागून झाल्या तुमच्या, ही एक माझी आहे तर तीसुद्धा तुम्हालाच हवी? निम्मी निम्मी? बासुंदी आहे का ती, निम्मी निम्मी करायला? बघताय ना मच्छिंद्रराव, असं आहे यांचं. डोळे पुसा आधी. तुम्हाला मागायची ती तुम्ही मागा, माझी झाल्यावर, वेगळी. आता आत जा आणि दूध तापत ठेवा. जा म्हणते ना.

गेले. मच्छिंद्रराव, माझं चुकलं. नाही, असू द्या म्हणू नका, लगेच म्हणू नका. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात तुम्ही काय काय बोलला असाल, शेतात, वडिलांच्या समोर, त्या कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून — ते बोला. मी मध्ये एक शब्द काढणार नाही. आत यांना ऐकू गेलं तर विश्वास बसायचा नाही, पण नाही काढणार.

बोला.