शेजारणीची पोस्टकार्डं

आमच्या शेजारच्या सुलभाची तऱ्हा ऐक गो. कुठेही फिरायला गेली की तिथून स्वतःलाच पोस्टकार्ड टाकते. म्हणे, आठवण राहते! तिच्या घराला कुलूप, म्हणून पोस्टमन माझ्याकडे देतो, "मेधावहिनी, हे ठेवा."

काश्मीर काय, उटी काय! आणि मी? रत्नागिरी सोडून गेले तर मंडणगडला, सासरच्या लग्नांना.

परवा दार्जिलिंगचं आलं. जळफळतच वाचलं. "प्रिय सुलभा, काय ती थंडी, काय तो चहा!"

म्हटलं, मिरवते मेली!

तर खाली बारीक अक्षरात, "मेधा, वाचून झालं असेल तर माझ्या कुंड्यांना पाणी घाल."

घातलं हो पाणी. कार्ड मात्र माझ्याच फ्रीजवर लावलंय!