डोळे मिटा, डोळे उघडा

— नाही नाही, आत या हो, जिन्यात कशाला ताटकळताय? ती येईलच आता, डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलीय. तिच्या बंद दाराला टेकून उभं राहण्यापेक्षा माझी खुर्ची काय वाईट आहे? बसा. ती नको, तिचा एक पाय डुगडुगतो, ही घ्या. ग्राहक तक्रार कार्यालयातून ना? मी ओळखलंच — ओळखलं म्हणजे काय, तुम्ही खाली पत्रपेट्यांवरची नावं वाचत होतात तेव्हाच गॅलरीतून पाहिलं. या मजल्यावर माझ्या नजरेतून मांजर सुटत नाही. भोचक म्हणतात मला. म्हणू देत, पण कुणाच्या घरी गॅसचा वास आला की आधी माझंच दार वाजवतात. चहा टाकते. नको काय, टाकलाय.

तर आमची बाहुलीवाली. साहेब, तुम्ही कागदावर काय नाव लिहिलंय ते असू द्या, इथे तिला बाहुलीवालीच म्हणतात. बाहुल्यांचे कपडे शिवते ती — हसू नका, तुम्ही पाहिले नाहीत म्हणून हसताय. नखाएवढी कॉलर, तिळाएवढं बटण, आणि आतून अस्तरसुद्धा! मी म्हटलं, अगं बाहुलीला कुठे थंडी वाजतेय, अस्तर कशाला? तर म्हणते, घेणारा उलटून बघतो. परदेशात चांगली मोठी माणसं बाहुल्या जमवतात म्हणे, आणि त्यांना कोट घालतात. माझ्या नवऱ्याच्या कोटाला सात वर्षांत अस्तर लागलं नाही, ते राहू द्या.

आधी ती शिंप्याच्या दुकानात गल्ल्यावर असायची. मग एके दिवशी सकाळी उठली ती तोंड वाकडं. अर्धा चेहरा खाली ओघळल्यासारखा, आणि डावा डोळा मिटेचना. मालक म्हणाला, ताई, गिऱ्हाईक बिचकतं. चौदा वर्षांची नोकरी, आणि एवढ्या दोन शब्दांत संपली. तेव्हापासून हे घरबसल्या बाहुल्यांचं. आता परदेशातून पैसे यायचे ते कसे? बँकेत आले तर बँक त्यातला निम्मा लचका खर्च म्हणून तोडायची. म्हणून मग हे मोबाईलमधलं पाकीट. जाहिरातीत कशी गोड बाई बोलते ना — तुमचे पैसे, तुमच्या बोटावर! बोटावर आले खरे, हातात काही आले नाहीत.

दोन वर्षं सगळं सुरळीत. थोडे थोडे काढायची, बाकीचे तिथेच ठेवायची. कशाला? तर पापणीच्या ऑपरेशनला. डॉक्टरांनी सांगितलंय, डोळा असाच उघडा राहिला तर सुकत जाईल आणि मग जाईलच. झोपताना पट्टी लावते बिचारी, सकाळी मीच सोडवते कधीकधी. ऑपरेशनची तारीख मिळाली, हिने सगळे पैसे काढायला म्हणून बटण दाबलं, आणि उत्तर काय? तुमचं खातं तपासणीखाली आहे. किती दिवस? माहीत नाही. का? सांगता येत नाही. पत्र लिहावं तर दर वेळी नव्या माणसाच्या नावाने तेच उत्तर, एक काना-मात्रा बदलत नाही.

मी गेले ना त्यांच्या इथल्या ऑफिसात! ही कुठली जातेय, हिला लोकांसमोर यायचीच लाज वाटते. काचेची इमारत, आत गारेगार, आणि टेबलाशी एक पोरगी. म्हणते, काकू, आम्ही इथे फक्त जाहिरात करतो, कंपनी इथे नाहीच. मग कुठे आहे गं? तर एका बेटावर! मी म्हटलं, बेटावर माणसं हवा पालटायला जातात, ही आमच्या बाहुलीवालीचे पैसे घेऊन कशाला गेली?

ते मला आमच्या जावईबापूंनी समजावलं. त्यांनी अशाच एका कंपनीचे फोन घेतलेत वर्षभर — तोंडात मध आणि हातात काही नाही, अशी ती नोकरी. ते म्हणाले, आई, सगळ्याच काही चोर नसतात. काहींचं गिऱ्हाईक दहा देशांत असतं, एकच परवाना सोयीचा पडतो. पण बेटावर कर जवळजवळ नाही, परवाना झटपट मिळतो, आणि लोकांचे पैसे वेगळे काढून ठेवा, त्यांना हात लावू नका, असं दटावणारं कोणी नाही. एकाच घराच्या पत्त्यावर शेकडो कंपन्या, आत एक कारकून. कंपनी बुडाली तर बँकेसारखी भरपाई नाही. आणि भांडायचं असेल तर त्या बेटाच्या कोर्टात जायचं. ते म्हणे आपण कबूल केलेलं असतं. कधी केलं? तर 'मान्य आहे' दाबलं तेव्हा. आता ते कोण वाचतं हो? तुम्ही वाचता? बघा! तुम्ही सरकारी माणूस, तुम्हीसुद्धा नाही वाचत.

घ्या, चहा घ्या. साखर कमी असेल तर सांगा. तुमचंच एक कार्यालय निघालं ज्यांनी तक्रार घेतली, नाहीतर पोलीस म्हणाले बँकेत जा, बँक म्हणाली पोलिसात जा. तुमचं पत्र आलं तेव्हा ती रडली, माहितीय? एकाच डोळ्याने नीट रडता येतं तिला — दुसऱ्यातून आपलं नुसतंच गळत राहतं.

काय म्हणालात? खातं काढताना मी होते का? मीच तर होते! तिला कुठलं जमतंय. मोबाईलसमोर चेहरा धरायचा, मग तो म्हणतो डोळे मिटा, डोळे उघडा. जिवंत माणूस आहे की फोटो, ते बघतो मेला. ही मिटतेय, पण मिटतोय एकच. तो म्हणतो, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा मिटते. पुन्हा प्रयत्न करा. शेवटी ती बोटाने पापणी ओढायला लागली हो — मला बघवेना. मी म्हटलं आण इकडे तो फोन, आणि मिटले माझे डोळे. पहिल्या फटक्यात हिरवी खूण! आम्ही दोघी काय हसलो त्या दिवशी —

का हो? पेन का थांबलं?

चहात काही पडलंय का?

नाव तिचं, कागद तिचे, मेहनत तिची, चेहरा तेवढा माझा, त्यात काय एवढं? ... कंपनीने तुम्हाला तेवढंच विचारलंय? खात्यावरचा चेहरा तक्रार करणारीचाच आहे का, एवढंच? आणि तो तिचा नसेल तर — थांबा, थांबा. दोन वर्षं पैसे आत घेताना माझा चेहरा चालला ना त्यांना? आत घेताना चालतो आणि बाहेर देताना चालत नाही? मग माझ्याच हातात द्या म्हणावं, मी शेजारी तिच्या हातात देते. ... तसंही नाही? नाव माझं नाही म्हणून मला नाही, चेहरा तिचा नाही म्हणून तिला नाही — म्हणजे आता ते कुणाचेच नाहीत? त्या बेटाचे?

साहेब, ते पान फाडा. मी बोललेच नाही समजा. मी बडबडी बाई आहे, कुणालाही विचारा, शंभरातलं निम्मं मनाचं असतं माझं. नाहीतर असं लिहा, शेजारणीने फसवलं. माझ्यावर लिहा. माझं नाव देते, घ्या, पुरतं नाव घ्या. तिचा डोळा जाईल हो.

अहो, मान काय हलवताय, तोंडाने बोला ना.

... तीच आली. तिचीच चप्पल वाजतेय ती, दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबते जरा. नाही, तुम्ही नका सांगू. मी सांगेन. आज नाही — सांगेन मी. उठा तुम्ही. राहू द्या तो चहा. जिन्यात भेटलीच तर म्हणा पत्ता चुकला. जा म्हणते ना!