यांच्या पायाची चिठ्ठी

मी मूळची नगर जिल्ह्यातली, आज्यानं धर्म घेतला तेव्हापासून आम्ही ख्रिस्ती, म्हणजे मला देव कुणी दाखवावा लागला नाही, तो घरात होताच, चुलीसारखा, त्याचा विचार कोण करतं. लग्न झालं आणि यांच्या रेल्वेच्या नोकरीपायी चेन्नईला आले, इथं एग्मोरला, तीस वर्षं झाली. तमिळ बोलते मोडकंतोडकं, लिहिता येत नाही ते नाहीच.

मग यांना लकवा मारला, उजवा पाय गेला. काय सांगू तुम्हाला, डॉक्टर झाले, तेलं झाली, शेवटी शेजारची सेल्वी म्हणाली अक्का, आमच्या शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेला चला, तिथं चिठ्ठी टाकली की सगळे मिळून देवाकडं मागतात. आमचं रविवारचं चर्च निराळं, लहान, आणि हा मोठा हॉल, कोण कुणाला ओळखत नाही. सेल्वीनं तमिळमध्ये लिहून दिलं, ब्रदर सुधाकर यांचा उजवा पाय बरा व्हावा. आता दर शुक्रवारी तिला कुठं त्रास द्यायचा, म्हणून मी झेरॉक्सच काढून आणल्या, गठ्ठाच. हे हसायचे, म्हणायचे अगं, देवाकडंपण ऑफिससारखा अर्ज करतीस होय. मी म्हणायची तुम्ही गप बसा, अर्जाशिवाय कुठं काय हलतं.

सहा वर्षं टाकल्या. पाय हलला नाही. आणि गेल्या नाताळाच्या आधी हे गेले.

महिन्याभरानं एका शुक्रवारी उठले, उपास धरला, पिशवी घेतली, गेले. सवयीनं पिशवीत हात घातला आणि चिठ्ठी डब्यात टाकली. पास्टरनं ती माइकवर वाचून दाखवली तेव्हा भानावर आले, ब्रदर सुधाकर यांचा उजवा पाय. एवढी माणसं हात वर करून मागायला लागली, मेलेल्या माणसाच्या पायासाठी, आणि मीपण आमेन म्हणाले. उठून सांगायचं धाडस झालं नाही. लाज वाटली, आणि खरं सांगते, देवाचा फार राग आला.

घरी येऊन उरलेला गठ्ठा घेऊन बसले. म्हटलं रत्नमाला, पायासाठी जात होतीस, तो पाय तर मातीत गेला, मग आज कशाला गेलीस? एवढंच कळलं की पाहुणा आला की पोरं त्याच्या पिशवीकडं बघतात ना, तशी मी सहा वर्षं देवाकडं बघत होते, त्याच्या तोंडाकडं कधी बघितलंच नाही.

पुढच्या शुक्रवारी सेल्वी पेन घेऊन आली, म्हणाली अक्का, आता काय लिहू? म्हटलं लिही, रत्नमाला आली आहे. ती म्हणाली, आणि मागायचं काय? म्हटलं काही नाही बाई, दमले आता मागून.

अजून जाते. माझेपण गुडघे दुखतात, त्याची चिठ्ठी टाकत नाही. कधी वाटतं तो आहे, कधी नुसता पंखा फिरत असतो, तरी बसते. तुम्हीपण बसा, चहा घ्या, देव तुमचं बरं करो. त्या झेरॉक्स होय? आहेत की, फेकवत नाहीत. यांच्या पायाची बाजू मी खोडते आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सेल्वी लिहिते, दर शुक्रवारी नव्यानं, रत्नमाला आली आहे.