सगळे सुतीच

डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सने थेंब घालून अर्धा तास डोळे मिटून बसायला सांगितलं होतं, म्हणून म्हातारा मुद्रितशोधक नुसत्या कानांनी बसला होता. शेजारच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या.

“ताई, ठेव ना ती सुई. डॉक्टर आत्ता काय म्हणाले, ऐकलंस ना?”

“ऐकलं. दोनेक महिने दिसेल, मग नाही. तेवढ्यात गोधडी होईल पुरी. चौकोन कापून झालेत, आता फक्त या क्रोशाच्या सुईने एकमेकांना जोडायचेत.”

“मी देते जोडून.”

“नको. माझ्या लेकीचे फ्रॉक आहेत, मीच जोडणार. हा बघ, पहिल्या वाढदिवसाचा. हा निळा शाळेत जायला लागली तेव्हाचा.”

“आणि हा पिवळा?”

“तो शेवटचा. त्यानंतर नवा शिवावाच लागला नाही.”

धाकटीचा हुंदका ऐकू आला.

“रडू नकोस गं. लोक बघतायत.”

“ताई, एकदा गोधडी झाली ना, की दिसलं नाही तरी अडणार नाही तुझं. नुसता हात फिरवलास की एकेक फ्रॉक ओळखशील.”

“नाही ओळखू येणार.”

“का नाही?”

“तिच्या अंगावर पुरळ उठायचं, आठवतं ना? म्हणून सगळे मऊ सुतीच शिवले मी. लेस नाही, झालर नाही, काही टोचेल असं लावलंच नाही कधी. काल डोळे मिटून हात फिरवून बघितला. सगळे सारखेच लागतात गं.”